‘प्रेक्षकांची पाठ’ नेमकी कुणी बघितली?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमच्या क्रीडा पानावर इंग्लंडमधल्या एका काउंटी मॅचचा (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा, त्यांच्या टीममधली मॅच) फोटो आला होता. पुढे एक बॅट्समन, मागे रांगाच्या रांगा रिकाम्या खुर्च्या आणि खाली ओळ, ‘काउंटीकडे प्रेक्षकांची पाठ’. मुलाने तो मला व्हॉट्सअपवर पाठवला, सोबत ‘बाबा यात तुम्ही कुठे?’ आणि दात काढणारे तीन चेहरे. मी तेव्हा बर्मिंगहॅमला मुलीकडे होतो, २०२५ च्या एप्रिलपासून सप्टेंबर संपेपर्यंत. गेलो होतो नातवाला सांभाळायला, पण नातू नर्सरीत जायला लागला आणि मी काउंटीला. तर सहा महिने ज्याने हे क्रिकेट बघितलं त्याचं म्हणणंही छापा एवढीच विनंती, लांबलं तर खुशाल कात्री लावा.

आधी त्या फोटोचंच घेऊ. फोटो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनसारख्या ग्राउंडवर पंचवीस हजार माणसं बसतात, तिथे समजा दोन हजार आली तर दर बारा खुर्च्यांमागे एक माणूस झाला, तो फोटोत दिसणार कसा? त्यातून इंग्लंडचा एप्रिल म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या जानेवारीला लाजवेल असला, त्यामुळे सगळी जनता जिथे ऊन पडलंय त्या एका कोपऱ्यात जमते, ऊन सरकलं की पिशव्या, थर्मास, रग उचलून जनताही सरकते, दिवसभरात अर्ध्या ग्राउंडला प्रदक्षिणा होते. फोटोग्राफरने कॅमेरा सावलीच्या बाजूला धरला की झाली ‘पाठ’. शितावरून भाताची परीक्षा करावी, नाही कोण म्हणतो, पण शीत तरी भातातलं घ्या ना.

दुसरं म्हणजे ही चार दिवसांची मॅच आहे. लोक कट्ट्यावर आल्यासारखे येतात, कुणी सकाळी अकराला पहिल्या बॉलपासून ठाण मांडून बसतो, कुणी लंचनंतर उगवतो, कुणी टीपर्यंत बसून बस पकडतो. काही ग्राउंडवर तर टीनंतर फुकट आत सोडतात, मग ऑफिस सुटलेले लोक टाय सैल करत येतात आणि शेवटचा दीड तास बघून जातात. शिवाय प्रत्येक मॅचची बीबीसीच्या लोकल रेडिओवर बॉल टू बॉल कॉमेंटरी असते आणि काउंट्या आपापलं प्रक्षेपण यूट्यूबवर फुकट दाखवतात, ती माणसं कुठल्या खुर्चीत मोजणार? माझ्या शेजारचे एक आजोबा डोळ्यांनी वॉर्विकशायर (बर्मिंगहॅमची टीम) बघत होते आणि कानात इअरफोन घालून समरसेट ऐकत होते. मध्येच ‘ओह डिअर’ म्हणाले. मी समोर बघितलं तर बॉलर रनअप मोजत होता, विकेट तिकडे समरसेटच्या ग्राउंडवर, टाँटनला पडली होती.

समरसेटचं त्यांना फार वाईट वाटायचं. अधिकृत काउंटी चॅम्पियनशिप १८९० पासून चालू आहे आणि समरसेटने ती एकदाही जिंकलेली नाही, एकदाही! गावसकर १९८० चा सीझन तिथे खेळले, रिचर्ड्स, बोथम, गार्नर एकाच टीममध्ये होते, रिचर्ड्सने १९८५ मध्ये टाँटनला एका दिवसात ३२२ मारले, तरी नाही. हे आजोबा दर एप्रिलला म्हणतात यंदा नक्की. आपल्याकडे आयपीएलमध्ये असा आशावादी पंथ आहेच, नाव घेत नाही.

आता क्लबच्या ग्राउंडबद्दल, कारण काउंटी नसेल त्या शनिवारी मी तिथेच असायचो. मुलीच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक ग्राउंड आहे. छोटं लाकडी पॅव्हेलियन, एका बाजूला जाळी, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपं, त्यात बॉल गेला की चारपाच मोठी माणसं बॅटने झुडपं बाजूला करत ‘दिसला का, दिसला का’ करत बसतात. झुडपांत नेटल नावाचं झाड असतं, आपल्या खाजकुयलीची सख्खी बहीण. बॉल शोधायला मदत करायला गेलो आणि संध्याकाळपर्यंत हात चोळत बसलो.

पहिल्याच दिवशी माझ्याकडून एक घोडचूक झाली. कडेकडेने फिरत होतो, मोबाइल बघत, आणि साइटस्क्रीनसमोरून (बॅट्समनला बॉल नीट दिसावा म्हणून बॉलरच्या मागे लावलेला पडदा) रमतगमत चाललो. बॉलर अर्ध्या रनअपमधून थांबला, बॅट्समनने हात वर केला, अंपायरने माझ्याकडे बघितलं, अख्खं ग्राउंड माझ्याकडे बघतंय आणि मी मागे वळून बघतोय की कुणाकडे बघताहेत! नंतर त्यांच्या स्कोअररबाई हसत हसत म्हणाल्या, बसायचं असेल तर इथे बस, आणि बसलोच आहेस तर पाट्या लाव. तेव्हापासून दोन महिने मी त्या क्लबचा बिनपगारी स्कोअरबोर्डवाला होतो. लोखंडी खिळ्यांना आकड्यांच्या पाट्या अडकवायच्या, ओव्हर संपली की बदलायच्या, विकेट पडली की शेवटच्या बॅट्समनचा स्कोअर खाली लावायचा. दिसायला सोपं, पण वाऱ्यात पाटी उलटी होते आणि ६ चा ९ झाला की पॅव्हेलियनमधून दहा जण ओरडतात.

तिथले खेळाडू म्हणजे एक प्लंबर, एक डेंटिस्ट, दोन शाळकरी पोरं, एक साठीतले गृहस्थ जे फक्त स्लिपमध्ये उभे राहायचे आणि बॉल त्यांच्यामागे गेला की कौतुकाने बघायचे. या बर्मिंगहॅम भागातली लीग १८८८ ची, जगातली सगळ्यात जुनी क्रिकेट लीग म्हणतात, आणि तिच्या वरच्या पातळीवर खेळ कडक असतो. पण माझा क्लब त्या वाटेला जाणारा नव्हता, माझ्या क्लबचं ध्येय अकरा जण जमवणं हेच. इनिंगच्या मधे जो प्रसिद्ध टी असतो, सँडविच, केक वगैरे, तो कोविडनंतर बऱ्याच लीगमध्ये बंद झालाय, ज्याने त्याने आपला डबा आणायचा. मला याचं फार वाईट वाटलं, म्हणजे केकचं तर वाटलंच पण त्या वीस मिनिटांत दोन्ही टीम एका टेबलावर बसायच्या, ते गेलं.

आणि एक गोष्ट खटकली ती स्पष्ट लिहितो. शनिवारी क्लबच्या ग्राउंडवर निम्मे चेहरे आपल्या उपखंडातले, गुजराती, पंजाबी, मिरपुरी, कुणी केरळचा. आणि काउंटीच्या स्टँडमध्ये बऱ्याचदा अख्ख्या ब्लॉकमध्ये मी एकटा. खेळायला सगळे आणि बघायला फक्त पांढऱ्या केसांचे गोरे, असं का? कुणी मला वाईट वागवलं नाही, उलट सगळे बोलायचे, पण २०२३ मध्ये तिथल्याच बोर्डाने नेमलेल्या स्वतंत्र समितीने अहवाल दिला की इंग्लिश क्रिकेटमध्ये वंशभेद, वर्गभेद आणि बायकांना दुय्यम वागवणं खोलवर आहे. ते रिकाम्या खुर्च्यांचं एक कारण असणार. तुमच्या फोटोखाली यावर चार ओळी असत्या तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

सगळ्यात आवडलेलं ग्राउंड कोणतं विचाराल तर वूस्टर. न्यू रोड म्हणतात त्याला. स्टेशनवरून उतरून गावातून खाली यायचं, सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडायचा की ग्राउंड, आणि नदीपलीकडे कॅथीड्रल असं उभं की कुठल्याही खुर्चीत बसलात तरी डोळ्यांच्या कोपऱ्यात असतंच. नदी इतकी जवळ की हिवाळ्यात पाणी ग्राउंडवर येतं, पिचचं तळं होतं, बोटी चालवाव्यात असं. २००७ मध्ये तर भर उन्हाळ्यात पूर आला आणि मॅचेस दुसरीकडे हलवायला लागल्या. म्हणून नवीन पॅव्हेलियन खांबांवर उचलून बांधलंय. आपल्या कोकणात पुराच्या पाण्याच्या खुणा भिंतीवर रंगवतात तशा तिथेही आहेत, लोक त्यांच्या शेजारी उभे राहून उंची मोजतात, मीही मोजली.

ऑस्ट्रेलियाचा ब्रॅडमन इंग्लंडला आला की दौऱ्याच्या सुरुवातीला वूस्टरला यायचा आणि १९३० मध्ये २३६, १९३४ मध्ये २०६, १९३८ मध्ये २५८. मग १९४८ मध्ये १०७ वरच आउट झाला, म्हातारा झाला असणार. पण मला तिथे आठवला तो आपला श्रीरामपूरचा झहीर खान. टीममधून बाहेर होता, २००६ चा सीझन वूस्टरशायरकडून खेळला, ओव्हरमागून ओव्हर टाकत राहिला, ७८ विकेट काढल्या आणि परत आला तो वेगळाच बॉलर होऊन. ड्यूक्सचा बॉल, हाताने शिवलेला, ढगाळ हवा, आणि आज बॉलिंग केली की पुढच्या आठवड्यात परत बॉलिंग, हा क्लास कुठल्या अकॅडमीत मिळणार? तिथल्या लेडीज पॅव्हेलियनमध्ये चहा-केक मिळतो, केकची रांग स्कोअरबोर्डपेक्षा झपाट्याने वाढते. मी कॉफी वॉलनट घेतला, तेवढ्यात दोन विकेट गेल्या, तरी पश्चात्ताप नाही.

लंचमध्ये बऱ्याच ग्राउंडवर प्रेक्षकांना आत सोडतात. पिचला दोरी लावलेली असते, तिच्या कडेने उभं राहून लोक मान वाकडी करून पिच बघतात, ‘टर्न होणार’ म्हणतात, आणि मागे आउटफिल्डवर पोरं टेनिस बॉलने खेळत असतात, पन्नास मॅचेस एकावेळी, कोणाचा बॉल कोणाचा फिल्डर काही कळत नाही. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या माणसाला त्यात काय वाटलं असेल ते लिहीत बसत नाही.

एक दिवस टनब्रिज वेल्सला गेलो. ही मात्र यात्रा होती. १८ जून १९८३, वर्ल्ड कपमध्ये झिम्बाब्वेविरुद्ध आपले १७ रन्सवर ५ आउट आणि कपिल १७५ नॉट आउट, सोबत शेवटी किरमाणी, त्या दोघांची नवव्या विकेटची १२६ ची न तुटलेली पार्टनरशिप. टीव्हीचं रेकॉर्डिंगच नाही, त्यामुळे आपल्या सगळ्यांनी ती इनिंग कानांनी आणि कल्पनेने बघितलीय. माझी अपेक्षा होती की काहीतरी भव्य असेल. तर नेव्हिल ग्राउंड म्हणजे झाडांनी वेढलेलं एक शांत मैदान, ऱ्होडोडेन्ड्रॉनची झुडपं, आणि त्या दिवशी क्लबची मॅच चाललेली. बघायला सातआठ माणसं आणि एक कुत्रा. इथलं पॅव्हेलियन १९१३ मध्ये जळालं होतं, बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्यांनी जाळलं असं म्हणतात. मी बाउंड्रीवर उभा राहून कपिलने कुठे कुठे मारले असतील याचा अंदाज करत होतो, आणि समोर एक पोरगा शॉर्ट बॉल सोडत होता, सोडत होता, सोडत होता. चाळीस ओव्हर्स बघितली. निघताना त्या कुत्र्याने बॉल पळवला म्हणून मॅच थांबलेली होती.

ऋतुराज गायकवाडच्या नादाने स्कारबरोला गेलो ते सांगायलाच हवं. पुण्याचा पोरगा यॉर्कशायरकडून खेळणार, जुलैमध्ये सरेविरुद्ध स्कारबरोला पहिली मॅच, अशी बातमी तुमच्याच पेपरात वाचून मी रेल्वेचं, राहण्याचं सगळं बुक केलं. मॅचच्या तीनचार दिवस आधी कळलं की वैयक्तिक कारणामुळे तो येत नाहीये, त्याच्या जागी यॉर्कशायरने पाकिस्तानच्या इमाम-उल-हकला घेतलं. त्याचं काही नाही, माणसाला घरचं काहीही असू शकतं. मुलगी म्हणाली बाबा कॅन्सल करा. मी म्हटलं पैसे परत मिळणार नाहीत, जातो. यॉर्कला गाडी बदलून गेलो, आणि देवाची कृपा म्हणून गेलो! समुद्रकाठचं गाव, लाकडी बाकं, एका बाजूला ट्रॅफल्गर स्क्वेअरची (लंडनचा नव्हे, तिथलाच) उंच जुनी घरं ज्यांच्या छपरांवर सिक्सर पडतात, डोक्यावर समुद्रपक्षी कर्कश ओरडताहेत, आणि बाकं भरलेली, मांडीला मांडी लावून बसलेली माणसं. तिथे काढा म्हणावं ‘पाठ’चा फोटो. शेजारच्या बाईंना मुंबईचा म्हटल्यावर त्या लगेच ‘सचिन’ म्हणाल्या. यॉर्कशायर पूर्वी काउंटीबाहेर जन्मलेल्याला घ्यायचेच नाहीत, १९९२ मध्ये पहिला परदेशी खेळाडू घेतला तो एकोणीस वर्षांचा तेंडुलकर. बाई म्हणाल्या, पोरगा फार गुणी होता, रन्स अजून हव्या होत्या. यॉर्कशायरवाले कौतुकसुद्धा असं हातचं राखून करतात.

ऑगस्टमध्ये मात्र माझा उपास. जवळजवळ अख्खा ऑगस्ट चॅम्पियनशिप बंद, मोठ्या ग्राउंडवर हंड्रेड (शंभर-शंभर बॉलच्या मॅचेसची स्पर्धा) चालू, काउंट्यांची वनडे स्पर्धा त्याच वेळी, बरेच चांगले खेळाडू हंड्रेडमध्ये अडकलेले. हंड्रेडला गर्दी होते, पोरंबाळं येतात, ते चांगलंच आहे, नाक मुरडायचं कारण नाही. यंदा त्या टीमचे हिस्से विकले, लंडनच्या ओव्हलच्या टीममध्ये तर आपल्या मुंबई इंडियन्सच्या मालकांनीच हिस्सा घेतलाय, त्यातला पैसा काउंट्यांना मिळणार, काहींचं कर्ज फिटेल. पण उन्हाळ्याचा सगळ्यात चांगला महिना त्यांना आणि चार दिवसांच्या मॅचेसना एप्रिलचा गारठा नि सप्टेंबरचा अंधार, ही वाटणी धाकट्या जावेला शिळं वाढण्यासारखी झाली.

आणि आता तुमच्या ओळीतली खरी चूक. १८ काउंट्यांपैकी १५ काउंट्यांचे मालक त्यांचे मेंबर आहेत. म्हणजे जो म्हातारा रग पांघरून सँडविच खातोय तो नुसता प्रेक्षक नाहीये, तो क्लबचा मालक आहे, त्याला मत आहे. यंदा प्रत्येक काउंटीच्या चॅम्पियनशिपमधल्या १४ मॅचेस कमी कराव्यात असा घाट होता, खेळाडूंची संघटनाही म्हणत होती की फार ओझं होतं, आणि त्यांचंही चूक नाही, बॉलरच्या पाठी मोडतात. पण मेंबर लोकांनी पत्रं लिहिली, सभांमध्ये उभे राहिले, काही क्लबना कमी करायच्या बाजूला जाता येईना. सप्टेंबरमध्ये बदलाला पुरेशी मतं पडली नाहीत आणि १४ च्या १४ राहिल्या. पाठ फिरवलेले लोक असं करतात का? आपल्याकडे रणजीच्या मॅचेस कमी करायच्या म्हटल्या तर किती जण पत्र लिहितील? मीही लिहिलं नसतं, खोटं कशाला बोलू.

बाकीचं भराभर. ओव्हलला जूनअखेर गेलो नाही ते बरं झालं की वाईट कळत नाही, सरेने डरहॅमविरुद्ध ९ बाद ८२० केले, सिब्लीचे ३०५, कुकाबुराचा बॉल (ड्यूक्सपेक्षा कमी स्विंग होणारा) आणि कडक ऊन, डरहॅमच्या बॉलर्सची दया आली. काही राउंड ड्यूक्सऐवजी कुकाबुराने खेळवायचा प्रयोग चालू होता त्याचं हे फळ. चेस्टरफील्डला चर्चचा मनोरा चक्क पिळवटलेला आहे आणि बागेत छोटी आगगाडी फिरते. एका ग्राउंडवर चहासाठी रोख पैसे घेत नव्हते आणि माझं कार्ड चालेना, मागच्या माणसाने दिले, नाव सांगितलं नाही.

शेवटची मॅच ट्रेंट ब्रिज, नॉटिंगहॅमशायर विरुद्ध आमचं (बघा, आमचं झालं!) वॉर्विकशायर. नॉट्सला चॅम्पियनशिप पक्की करायला मॅच जिंकायचीही गरज नव्हती, बोनस पॉइंट (ठराविक रन्स झाले की मिळतात ते) पुरणार होते. त्यामुळे गंमत अशी की अख्खं ग्राउंड एका साध्या रनची वाट बघत होतं. तिकडे शर्यतीतल्या सरेची दुसऱ्या मॅचमध्ये दाणादाण उडाली होती, तो स्कोअर इअरफोनवाल्यांकडून रांगेरांगेने पुढे सरकत होता. मग तो रन निघाला, पॉइंट मिळाला आणि लोक उभे राहिले. मॅच अजून बाकी, विकेट पडलेली नाही, कॅच नाही, तरी सगळे उभे, टाळ्या थांबेनात. २०१० नंतर पहिल्यांदा. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ तेवढे बसून होते, स्कोअरबुकात तो रन लिहीत होते, पेन्सिलीला टोक काढून, सावकाश. लिहून झाल्यावर उठले.

तर मागणं एवढंच की क्रीडा पानावर काउंटीचे स्कोअर दोन ओळींत देत जा, फक्त आपला कोणी खेळला तरच बातमी असं नको. रहाणे लेस्टरशायरकडून खेळत होता तेव्हा त्याचे रन्स छापलेत आणि मॅचचं काय झालं ते छापलंच नाही, ते मला वर्षभर कळलं नव्हतं. यंदा तेच लेस्टर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिलं येऊन वर चढलं, हे किती वाचकांना माहीत आहे?

कळावे, लोभ असावा,
आपला तीस वर्षांचा वाचक

ता.क. सोबत एक फोटो जोडतोय, ट्रेंट ब्रिजचा, तो रन निघाला त्या क्षणाचा. मागच्या रांगेतल्या एका मुलीला मोबाइल देऊन काढून घेतला. सगळे उभे राहून ग्राउंडकडे बघताहेत त्यामुळे चेहरा एकाचाही दिसत नाही, डावीकडून तिसरा माकडटोपीवाला तो मी. हा छापलात तर खाली तुमची तीच ओळ चालेल, यात खरोखरच प्रेक्षकांची पाठ आहे.